गिटारचे लाकूड : अखंड की थरांचे?

वार्षिक परीक्षा संपल्या, की घरोघरी उन्हाळी सुटीतील छंदवर्गांची चर्चा सुरू होते. पोहणे, चित्रकला, तबला यांच्या जोडीला आता गिटारही या यादीत असते. नंदुरबार, शहादा, तळोदा यांसारख्या शहरांतील पालकांना हे वाद्य हाताळून निवडायचे, तर बहुधा सुरत किंवा नाशिक गाठावे लागते. अन्यथा पडद्यावरील छायाचित्र पाहून मागणी नोंदवण्यावाचून पर्याय नसतो. दोन्ही ठिकाणी एक पेच हमखास उभा राहतो. समोरच्या दोन गिटार दिसायला अगदी सारख्या असतात. मात्र एकीची किंमत दुसरीच्या दुप्पट असते. विचारणा केल्यावर उत्तर मिळते, की ही 'सॉलिड' आहे आणि ती 'लॅमिनेटेड'. एवढ्या दोन शब्दांवर दहा-पंधरा हजार रुपयांचा निर्णय घ्यायचा असतो. त्यातच ही खरेदी होते एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा खानदेशातील हवा वर्षातील सर्वाधिक कोरडी असते. लाकडी वाद्य नव्याने घरी आणण्यासाठी याहून प्रतिकूल काळ नाही.

त्यामुळे 'कोणते लाकूड चांगले' या प्रश्नाचे उत्तर केवळ नादाच्या अंगाने देता येत नाही. वाद्य कोणत्या हवेत राहणार आणि घरी त्याची किती निगा राखली जाणार, हेही त्या उत्तरात यावे लागते.

दोन प्रकारची फळी

अखंड म्हणजेच 'सॉलिड' फळी ही ओंडक्यातून थेट कापलेली असते. गिटारच्या दर्शनी भागाची फळी जेमतेम अडीच ते तीन मिलिमीटर जाडीची असते. येथे अखंड याचा अर्थ एकच तुकडा असा मात्र नाही. लाकडाचा एक पट्टा जाडीतून उभा चिरून, पुस्तकाची पाने उघडावीत तशी त्याची दोन अंगे उघडतात आणि मधोमध जोडतात. म्हणूनच चांगल्या गिटारच्या दोन्ही बाजूंच्या रेषा एकमेकींचे प्रतिबिंब वाटतात. मधला सांधा दिसतो म्हणून फळी कमअस्सल, असा समज करून घेण्याचे कारण नाही.

थरांची म्हणजेच 'लॅमिनेटेड' फळी वेगळ्या पद्धतीने तयार होते. लाकडाचे अतिशय पातळ पापुद्रे काढून ते गोंदाने एकावर एक चिकटवले जातात. सहसा तीन थर असतात आणि मधल्या थराच्या रेषा वरच्या-खालच्या थरांच्या रेषांना आडव्या ठेवल्या जातात. सुताराच्या भाषेत हे प्लायवूडच. फक्त अधिक पातळ आणि निगुतीने केलेले. वरचा पापुद्रा देखण्या लाकडाचा असतो, आतला बहुधा साध्या, स्वस्त लाकडाचा. याखेरीज कागदाचे थर राळेत मुरवून, प्रचंड दाबाखाली घट्ट केलेली कृत्रिम फळीही काही कंपन्या वापरतात. अमेरिकेतील मार्टिन कंपनीची 'एक्स' मालिका या प्रकारातली आहे. तिच्या पाठीवर दिसणाऱ्या लाकडाच्या रेषा म्हणजे छापलेले चित्र असते, हे अनेक ग्राहकांच्या लक्षात येत नाही.

तबली बोलते

महाराष्ट्रातील वाद्यप्रेमींना हा विषय समजण्यासाठी मिरजेकडे पाहणे सोयीचे ठरेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून तेथे तंतुवाद्यनिर्मितीची परंपरा सुरू झाली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. या वाद्यांत भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या लाकडी पडद्याला 'तबली' म्हणतात. घोडी तबलीवर बसते, तारांचे कंपन घोडीतून तबलीत उतरते आणि तबली हवा हलवते. ही तबली तून या हलक्या लाकडाची, अखंड असते.

गिटारची दर्शनी फळी म्हणजे तिची तबलीच होय. दुकानदार जिला 'टॉप' म्हणतात ती हीच. आवाजाचा मोठा भाग ती निर्माण करते. तिच्यासाठी जगभर प्रामुख्याने स्प्रूस किंवा सीडर हे थंड प्रदेशातील सूचिपर्णी वृक्ष वापरले जातात. कारण सरळ आहे. एक घनमीटर स्प्रूसचे वजन साधारण 400 ते 430 किलो भरते, सागाचे सुमारे 650 आणि शिसवीचे 830 च्या घरात. स्प्रूस इतका हलका असूनही रेषांच्या दिशेने विलक्षण ताठ असतो. तारांचा ओढ तो सहन करतो आणि थोड्याशा ऊर्जेनेही थरथरतो. सातपुड्याच्या पायथ्याशी सागाची उणीव नाही. ब्रिटिश काळातील गॅझेटियरमध्ये तळोद्याचा उल्लेख खानदेशातील लाकडाची प्रमुख बाजारपेठ म्हणून येतो. तरीही साग गिटारच्या तबलीसाठी वापरत नाहीत. तो जड आहेच, शिवाय त्याच्या अंगच्या तेलकटपणामुळे गोंदही नीट धरत नाही. दारे-खिडक्यांना जो गुण ठरतो, तो येथे दोष ठरतो.

अखंड आणि थरांच्या फळीतील खरा फरक येथेच आहे. अखंड स्प्रूस रेषांच्या दिशेने जितका ताठ असतो, त्याच्या दहा-बारा पटींनी तो आडव्या दिशेने लवचिक असतो. या असमानतेमुळेच तबली वेगवेगळ्या स्वरांना वेगवेगळ्या प्रकारे प्रतिसाद देते आणि नादाला भरणा येतो. थरांच्या फळीत मधला आडवा थर ही असमानता बरीचशी पुसून टाकतो. त्यात गोंदाचे थर कंपन शोषतात. परिणामी आवाज काहीसा बंद, लवकर विरणारा वाटतो. बोटाने हलकेच छेडलेली तार आणि जोरात ओढलेली तार यांतील फरकही अशा गिटारवर कमी जाणवतो. अखंड तबली वर्षानुवर्षे वाजवली, की आवाज 'उघडतो' असा वादकांचा विश्वास आहे. तो विश्वास बाजूला ठेवला, तरी पहिल्या दिवशी ऐकू येणारा फरक साध्या कानालाही कळतो.

पाठ आणि कडा : गैरसमजाचे मूळ

तबलीबाबत जे खरे, ते पाठीला आणि कडांना तितकेसे लागू नाही. बाजारात मात्र सर्वाधिक बोलबाला याच भागांच्या लाकडाचा असतो.

आधुनिक गिटारला आजचे रूप देणारे स्पेनचे कारागीर आंतोनियो दे तोर्रेस यांनी 1862 मध्ये एक अजब वाद्य बनवले. तबली उत्तम स्प्रूसची. पाठ आणि कडा मात्र चक्क कागदाच्या लगद्याच्या. आवाजाचा प्राण तबलीत असतो, हे त्यांना दाखवायचे होते. ते वाद्य बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. पुढे 1932 पासून फ्रान्सच्या सेल्मर कंपनीने मारिओ माकाफेरी यांच्या आराखड्यानुसार गिटार बनवल्या. त्यांची तबली अखंड होती, पाठ आणि कडा थरांच्या. जँगो राइनहार्ट या थोर जॅझ वादकाचे नाव ज्या गिटारशी कायमचे जोडले गेले, ती हीच. थरांचे लाकूड म्हणजे केवळ काटकसर, हा समज या एका उदाहरणानेही ढासळावा.

याला अलीकडील संशोधनानेही दुजोरा दिला आहे. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेला एक प्रयोग 2018 च्या अखेरीस अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एकाच कार्यशाळेत, एकाच आराखड्याने सहा गिटार बनवण्यात आल्या. सर्वांची तबली सिट्का स्प्रूसची होती, पाठ आणि कडा मात्र ब्राझिली शिसव, भारतीय शिसव, महोगनी, मेपल, सपेली आणि अक्रोड अशा सहा निरनिराळ्या लाकडांच्या. 52 वादकांना मंद प्रकाशात, वेल्डिंगचा काळा चष्मा घालून त्या वाजवायला दिल्या. वाद्य दिसत नसताना वादकांनी सहाही गिटारना जवळपास सारखेच गुण दिले. महागडे, दुर्मीळ लाकूड त्यांना ओळखता आले नाही. प्रयोगातील सर्व लाकडे अखंड होती, थरांच्या पाठीची परीक्षा त्यात झाली नाही, हे नमूद करायला हवे. तरीही पाठीच्या लाकडाचा जो बडेजाव माजवला जातो, त्याला या निष्कर्षाने चांगलाच चाप बसतो.

खानदेशची हवा

आता मुद्दा हवेचा. नंदुरबार जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, दुपारची हवा कमालीची कोरडी होते. पावसाळा सुरू झाला, की तीच हवा दमट होते. लाकूड मृत असले, तरी हवेतील ओलावा घेणे आणि सोडणे त्याने थांबवलेले नसते. ओलावा सोडताना ते आकसते, घेताना फुगते. विशेष म्हणजे हा बदल रेषांच्या दिशेने नगण्य असतो. तो होतो आडव्या दिशेने. आषाढात घट्ट होणारे आणि चैत्रात सैल पडणारे जुन्या घराचे दार ज्यांनी ओढले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

गिटारच्या तबलीची सर्वांत रुंद जागा सुमारे 40 सेंटिमीटर असते. निम्म्या आर्द्रतेत बनवलेले वाद्य वीस टक्के आर्द्रतेत जाऊन तेथे मुरले, तर अखंड स्प्रूसची ही रुंदी दोन मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक कमी होऊ शकते. दोन मिलिमीटर म्हणजे फार नव्हे, असे वाटेल. परंतु तबली चारही बाजूंनी कडांना चिकटवलेली असते, आतून आडव्या पट्ट्यांनी जखडलेली असते. आकसायला तिला जागाच नसते. मग ती खाली बसते, आणि ताण असह्य झाला, की रेषेच्या बाजूने चिरते. ही चीर बहुधा मधल्या सांध्यावर किंवा घोडीच्या पाठीमागे पडते. गिटारसाठी साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता आदर्श मानली जाते. चाळीसच्या खाली ती दीर्घकाळ राहिली, तर धोका सुरू होतो.

थरांच्या फळीत मात्र आडवा थर वरच्या थराला आकसू देत नाही आणि वरचा थर आडव्याला. नादाला जी गोष्ट मारक ठरली, तीच येथे तारक ठरते. म्हणूनच शाळेत नेली जाणारी, मित्रांमध्ये फिरणारी, बसच्या टपावरून प्रवास करणारी गिटार थरांच्या लाकडाची असण्यात कमीपणा नाही. तिची दुखणी वेगळी आहेत. दमट हवेत थर सुटू लागले, तर दुरुस्ती कठीण असते. याउलट अखंड फळीची चीर कुशल कारागीर आतून लाकडी ठिगळ देऊन बुजवू शकतो आणि वाद्य पुन्हा बोलू लागते.

खानदेशातील घरांमध्ये आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते, ती म्हणजे कूलर. वातानुकूलन यंत्र हवा कोरडी करते, तर वाळ्याचा कूलर पाण्यावरून हवा खेचून ती दमट करतो. कूलरच्या झोतात रात्रभर ठेवलेली गिटार सकाळी कोरड्या खोलीत जाते, तेव्हा एका दिवसात तिला पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही सोसावे लागतात. एकाच स्थितीतील कोरडेपणापेक्षा हे झपाट्याचे चढउतार अखंड लाकडाला अधिक घातक असतात. कूलर असलेल्या खोलीत गिटार भिंतीवर टांगू नये. ती पेटीत बंद ठेवावी. उभ्या उन्हात बंद मोटारीत तर कोणतेच वाद्य ठेवू नये. तेथील उष्णतेने गोंद मऊ पडतो आणि तारांच्या ओढीने घोडी उखडून येते. या बाबतीत अखंड आणि थरांचे असा भेद नाही.

शिसवीचा हिशेब

गिटारच्या पाठीसाठी जगात ज्या लाकडाचा सर्वाधिक गौरव होतो, ते भारतीय शिसव सातपुड्याच्या जंगलांतही आढळते. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव डाल्बर्जिया लॅटिफोलिया. उत्तरेकडील फर्निचरचा शिशम त्याचा भाऊबंद असला, तरी तो वेगळा वृक्ष आहे. ब्राझिली शिसव दुर्मीळ होऊ लागल्यानंतर मार्टिन कंपनीने 1969 च्या सुमारास भारतीय शिसव स्वीकारली आणि इतर उत्पादकही त्या वाटेने गेले. निर्यातीची शिसव प्रामुख्याने दक्षिण भारतातून जाते. तेथील कॉफी आणि चहाच्या मळ्यांत हे वृक्ष सावलीसाठी राखलेले असतात. मात्र आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या वृक्षाची नोंद असुरक्षित प्रजातींमध्ये केली आहे.

दुर्मीळ प्रजातींच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात 2 जानेवारी 2017 पासून शिसवीचे संपूर्ण कूळ समाविष्ट झाले. त्यामुळे शिसवीची गिटार एका देशातून दुसऱ्या देशात विकायची, तरी परवान्याची कागदपत्रे लागू लागली. उत्पादक आणि वाद्यवृंद यांनी केलेल्या मागणीनंतर 26 नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. कच्च्या लाकडावरील नियंत्रण कायम राहिले. ब्राझिली शिसव मात्र 1992 पासून पहिल्या परिशिष्टात आहे आणि तिला अशी सूट नाही. परदेशातील नातलगाकडून जुनी गिटार मागवणाऱ्यांनी ही गोष्ट आधी तपासलेली बरी.

थरांच्या लाकडाची बाजू येथे अनपेक्षितपणे वरचढ होते. अखंड पाठीला शिसवीची दोन-अडीच मिलिमीटर जाडीची फळी लागते आणि तेवढ्याच जाडीचे लाकूड करवतीच्या भुशात जाते. पापुद्रा मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो आणि सुरीने सोलून काढल्यास भुसा जवळजवळ होतच नाही. एका ओंडक्यातून कितीतरी अधिक वाद्ये होतात. वादकाला डोळे मिटल्यावर पाठीचे लाकूड ओळखता येत नसेल, तर ज्या वृक्षाला पक्व होण्यास अनेक दशके लागतात, तो केवळ नावासाठी तोडावा का, असा प्रश्न रास्तपणे उपस्थित होतो.

दुकानात पाहायचे काय?

पहिली खूण माहितीपत्रकातच असते. तबली अखंड असेल, तर उत्पादक 'सॉलिड स्प्रूस' असे आवर्जून छापतो, कारण तो विक्रीचा मुद्दा असतो. नुसतेच 'स्प्रूस' लिहिले असेल, तर ती थरांची समजावी. उदाहरणार्थ, भारतात नवशिक्यांमध्ये लोकप्रिय असलेल्या यामाहाच्या एफ 310 या गिटारची तबली थरांची आहे, तर एफजी 800 ची अखंड. दोन्हींच्या वर्णनात स्प्रूस हा शब्द आहे. फरक आहे तो त्यापुढे असलेल्या एका विशेषणाचा. 'सिलेक्ट', 'प्रीमियम' यांसारख्या विशेषणांना येथे काहीच अर्थ नसतो.

दुसरी खूण डोळ्यांनी तपासायची. तबलीच्या मध्यावरील गोल छिद्राच्या कडेवर उजेड पाडावा. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरून सलग जात असतील, तर लाकूड अखंड. कडेवर आडवे पदर दिसले, तर थरांचे. काही उत्पादक ही कड रंगवतात किंवा पट्टीने झाकतात. तशी झाकलेली कड आणि स्वस्त किंमत एकत्र दिसली, तर निष्कर्ष काढायला हरकत नाही. पाठीसाठी बाहेरची एखादी ठळक रेष किंवा गाठ हेरावी आणि छिद्रातून आत डोकावून तीच खूण त्याच जागी आहे का, ते पाहावे. आत वेगळेच लाकूड दिसले, तर पाठ थरांची आहे.

तिसरी परीक्षा कानाची. एकच स्वर दोन्ही गिटारवर सारख्याच जोराने छेडून तो विरेपर्यंत ऐकावा. विकत घेणाऱ्याला वाजवता येत नसेल, तर दुसऱ्याला वाजवायला सांगून चार पावलांवर उभे राहून ऐकावे. गिटारचा आवाज पुढे जातो. मांडीवर घेऊन बसलेल्याला तो पूर्ण कळत नाही.

किमतीचा ढोबळ अंदाज असा : पूर्णपणे थरांच्या चांगल्या गिटार दहा हजार रुपयांच्या आसपास मिळतात, अखंड तबली आणि थरांची पाठ असलेल्या पंधरा ते पंचवीस हजारांत, तर सर्वांगाने अखंड गिटार चाळीस हजारांच्या पुढे सुरू होतात. शिकणारा पाचवी-सहावीत असेल आणि आवड टिकेल की नाही याची खात्री नसेल, तर पहिला पर्याय पुरेसा आहे. तारा बोटांना टोचणार नाहीत इतक्या खाली बसवून घेणे त्या वयात लाकडापेक्षा अधिक महत्त्वाचे असते. वर्ष-दोन वर्षे नियमित वाजवणाऱ्यासाठी खानदेशच्या हवेत दुसरा पर्याय सर्वांत शहाणपणाचा. नाद जेथून येतो तेथे अखंड लाकूड आणि जेथे हवेचा मार सोसायचा तेथे थर, अशी ही विभागणी आहे. तिसरा पर्याय ज्याच्या घरी आर्द्रतामापक आहे आणि तो रोज पाहण्याची सवय आहे, त्याच्यासाठी. हे छोटे यंत्र काहीशे रुपयांत मिळते. चाळीस हजारांचे वाद्य घेणाऱ्याने त्यात कंजुषी करू नये.

अखंड तबलीची गिटार मार्च ते जून या काळात पेटीतच ठेवावी. छिद्रे पाडलेल्या साबणाच्या डबीत ओलसर, घट्ट पिळलेला स्पंज घालून ती डबी पेटीत गिटारच्या मानेखाली ठेवली, तर बाजारातील महाग साधनांची गरज पडत नाही. स्पंजातून पाण्याचा थेंब पडता कामा नये आणि दर दोन-तीन दिवसांनी तो पुन्हा भिजवावा लागतो. मानेच्या कडेवरून हात फिरवताना धातूच्या पडद्यांची टोके बोटाला बोचू लागली, तर लाकूड आकसू लागले आहे असे समजावे. चीर पडण्यापूर्वीची ही सूचना असते. पावसाळ्यात याच्या उलट घडते. घोडीमागचा भाग फुगतो आणि तारा उंच गेल्यासारख्या वाटतात. तेव्हा स्पंजची डबी काढून घ्यावी, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि पाऊस ओसरेपर्यंत तारांची उंची बदलण्यासाठी घोडी घासून घेण्याची घाई करू नये.